गेलेल्यांच्या जमिनी

प्राचीन अथेन्समध्ये न्यायसभेवर बसणाऱ्या नागरिकांना दरवर्षी एक शपथ घ्यावी लागे. दोन्ही बाजू सारख्याच लक्षाने ऐकेन, लाच घेणार नाही, हे त्यात होतेच. पण त्याच शपथेत आणखी एक कलम होते: खासगी कर्जे रद्द करण्याच्या किंवा अथेन्सकरांच्या जमिनी आणि घरे फेरवाटण्याच्या बाजूने मी मत देणार नाही. अथेन्सच्या लोकशाहीचे गोडवे गाताना या कलमाची आठवण सहसा कुणी काढत नाही. जिथे न्यायाला बसणाऱ्याकडून असे वचन घ्यावे लागते, तिथे त्या दोन मागण्या लोकांच्या तोंडी सतत असणार हे उघड आहे. सोलोनने ख्रिस्तपूर्व ५९४ च्या सुमारास त्यातली पहिली मागणी मान्य केली होती. त्याने कर्जे रद्द केली, कर्जापायी गुलाम झालेल्यांना सोडवले, शेतांत रोवलेले गहाणाचे दगड उपटून टाकले. दुसरी मागणी मात्र त्याने साफ नाकारली. जमिनीला त्याने हात लावला नाही.

आधुनिक ग्रीसने नेमकी उलटी वाट धरली. जमीन वाटली, कर्ज ठेवले. पहिल्या महायुद्धानंतर युरोपातल्या ज्या देशांनी मोठ्या जमीनदाऱ्या मोडल्या, त्यांत ग्रीसचे नाव फार वर घ्यावे लागते. एकेकाळी अर्धेलीने राबणाऱ्या माणसांची नातवंडे आज तिथे जमिनीची मालक आहेत. या गोष्टीचा अभिमान ग्रीक पाठ्यपुस्तकांत आहे आणि तो खोटा नाही. पण कुणाची जमीन, कधी आणि कशासाठी वाटली गेली, हे विचारले की चित्र बदलते. माझे म्हणणे असे आहे की या वाटणीचा मुहूर्त प्रत्येक वेळी सरकारच्या अडचणीने ठरवला, शेतकऱ्याच्या भुकेने ठरवला नाही. आणि जी जमीन सरकारने मोकळ्या हाताने वाटली, ती बहुतेकदा कुणीतरी मागे सोडून गेलेली होती. मालक आपल्याच धर्माचा, आपल्याच भाषेचा आणि घरी बसलेला असला की या सरकारचा हात आखडत असे.

सुरुवात १८२१ पासून करावी लागते. ऑटोमन सत्तेविरुद्ध उठाव झाला तेव्हा पेलोपोनेसमधल्या चांगल्या सखल जमिनीचा मोठा हिस्सा मुस्लिम मालकांकडे होता. काही वर्षांत हे मालक मारले गेले किंवा परागंदा झाले. १८२१ च्याच शरद ऋतूत त्रिपोलित्सा शहर पडले, तेव्हा तिथल्या हजारो मुस्लिम आणि ज्यू रहिवाशांची कत्तल झाली. ग्रीक जमिनीच्या इतिहासात हे वाक्य क्वचितच येते. खरे तर त्याच्यापासूनच तो इतिहास सुरू व्हायला हवा. मागे उरलेली जमीन नव्या राष्ट्राची मालमत्ता ठरली आणि 'राष्ट्रीय जमीन' या नावाने सरकारजमा झाली. बंदूक घेऊन लढलेल्या शेतकऱ्याची समजूत होती की ती आता त्याची होणार.

तसे झाले नाही, कारण ती जमीन आधीच गहाण पडली होती. युद्ध चालवायला पैसा हवा म्हणून क्रांतिकारकांनी १८२४ साली लंडनमध्ये ८ लाख पौंडांचे आणि १८२५ साली २० लाख पौंडांचे कर्ज उभे केले. तारण म्हणून ही राष्ट्रीय जमीनच दाखवली. कसर, दलाली आणि आगाऊ व्याज कापून प्रत्यक्ष ग्रीसच्या हाती दर्शनी रकमेच्या मानाने फारच थोडे लागले. दोन-तीन वर्षांत हप्ते थकले. नांगर पेलोपोनेसमध्ये आणि गहाणखत लंडनमध्ये, अशी देशाच्या जन्माचीच स्थिती होती. पहिला राज्यप्रमुख कापोदिस्त्रियास याला जमीन घाईने विकायची नव्हती. विकली तर ती गावोगावच्या बड्या घराण्यांच्या घशात जाईल, अशी त्याची भीती होती. ती रास्तच होती. १८३१ साली नाफ्प्लियोत त्याचा खून झाला. त्यानंतर बव्हेरियाहून राजा ओटो आला, १८३५ चा जमीनवाटपाचा कायदा आला, पण हप्त्यांच्या अटी अशा की फार थोड्या कुटुंबांनी त्यात उडी घेतली.

मग शेतकरी काय करत होता? तो सरकारचे कूळ झाला होता. खासगी जमिनीवर पिकाचा दहावा हिस्सा कर म्हणून जाई. राष्ट्रीय जमीन कसणाऱ्याला त्याखेरीज वहिवाटीचे आणखी पंधरा टक्के द्यावे लागत, म्हणजे एकूण पिकाचा चौथा हिस्सा. वसुलीचा मक्ता लिलावाने दिला जाई. मक्तेदार येऊन माप घेईपर्यंत खळ्यावरचे धान्य हलवायचे नाही, मग पाऊस येवो की उंदीर. ऑटोमन काळातली ही पद्धत स्वातंत्र्यानंतर निम्म्या शतकाहून अधिक काळ तशीच चालली. ती १८८० साली पंतप्रधान त्रिकुपिसने बंद केली, तीही दशमांशाऐवजी नांगराच्या जनावरांवर कर बसवून.

राष्ट्रीय जमिनीची खरी वाटणी १८७१ साली पंतप्रधान कुमुंदुरोस याच्या कायद्याने सुरू झाली. पुढच्या चाळीस वर्षांत सुमारे साडेतीन लाख तुकड्यांत २६ लाखांहून अधिक स्ट्रेमा जमीन लोकांच्या नावावर झाली. (एक स्ट्रेमा म्हणजे हजार चौरस मीटर, आपले जवळपास दहा गुंठे.) भागाकार करून पाहा, एकेका तुकड्याला पाऊण हेक्टरही येत नाही. तोवर अनेकांनी अतिक्रमण करून जमिनी दाबलेल्याच होत्या, कायद्याने त्यांच्यावर शिक्का मारला. शिवाय सरकारला तिजोरीत हप्ते हवे होते आणि लंडनच्या बाजारात पुन्हा पत हवी होती. १८२४-२५ च्या त्या जुन्या कर्जांची तडजोडही याच दशकात झाली. तरीही एक गोष्ट मान्य केली पाहिजे. या वाटणीमुळे दक्षिण ग्रीसमध्ये जमीनदारांचा वर्ग उभाच राहिला नाही. सिसिलीत किंवा आंदालुसियात दिसतात तशा अफाट इस्टेटी पेलोपोनेसमध्ये शोधून सापडत नाहीत.

या छोट्या मालकांनी काय लावले, तर बेदाणा. कॉरिंथच्या नावाने ओळखली जाणारी बारीक काळी मनुका, जिच्यावाचून इंग्रजांचे नाताळचे पुडिंग होत नाही. १८७० नंतर फ्रान्सच्या द्राक्षवेली फायलोक्सेरा किडीने जळू लागल्या आणि फ्रेंच वाइनवाले सुकी द्राक्षे भिजवून वाइन करू लागले. मागणी इतकी वाढली की पात्रासपासून खाली मेसेनियापर्यंत लोकांनी ऑलिव्हची झाडे तोडून वेली लावल्या आणि त्यासाठी व्यापाऱ्यांकडून उचल घेतली. देशाच्या निर्यातीत निम्म्याहून जास्त वाटा या एका पिकाचा झाला. मग फ्रान्सच्या वेली सावरल्या. १८९२ साली फ्रान्सने जबर जकात बसवली आणि १८९३ साली भाव कोसळले. त्याच डिसेंबरात त्रिकुपिसने देश दिवाळखोर झाल्याचे संसदेत जाहीर केले. पुढे सरकारने निर्यातदारांकडून मालाचा ठराविक हिस्सा काढून घेऊन बाजारातला पुरवठा कमी करायची योजना आणली. त्यातून वेली आणखी वाढल्या, कारण भावाची हमी मिळाली की माणूस तेच पीक लावतो. १८९० ते १९१४ या काळात सुमारे साडेतीन लाख ग्रीक, बहुतेक तरुण पुरुष, अमेरिकेची वाट धरून गेले. हे जमिनीचे मालक होते किंवा मालकांची मुले होती, हे ध्यानात घ्यावे. सातबारा नावावर असून घर सोडावे लागते, हा अनुभव ग्रीक गावाने असा लवकरच घेतला.

आता थेसली. माझ्या मते या साऱ्या इतिहासाची कसोटी इथे लागते.

थेसली म्हणजे ग्रीसचे धान्याचे कोठार: पिनियोस नदीचे सपाट खोरे, चहूबाजूंनी डोंगर. १८८१ साली युद्ध न करता, महासत्तांच्या दबावाने, ऑटोमन सरकारने हा प्रदेश ग्रीसला दिला. करारात अट होती की मुस्लिम मालकांच्या मालमत्तेला धक्का लागणार नाही. म्हणजे पेलोपोनेससारखी बेवारस जमीन इथे मिळणार नव्हती. तुर्क मालकांनी आपले चिफ्लिक, म्हणजे गावेच्या गावे असलेल्या इस्टेटी, विकायला काढल्या. त्या विकत घेतल्या कॉन्स्टॅन्टिनोपल, अलेक्झांड्रिया, रुमानिया इथल्या श्रीमंत ग्रीकांनी: झाप्पास, झोग्राफोस, सिंग्रोस, स्तेफानोविक. परदेशी व्यापारात गडगंज झालेल्या ग्रीकांचे ते युग होते. त्याच परंपरेतले रॅली ब्रदर्स तेव्हा मुंबईच्या बाजारात कापूस खरीदत होते आणि आपल्याकडच्या जुन्या कापूसवाल्यांना ते नाव अजून ठाऊक असेल. या भांडवलाने मायदेशी यावे म्हणून त्रिकुपिस त्यांना दुखवायला तयार नव्हता. चिफ्लिक मोडा म्हणणाऱ्यांना त्याने दाद दिली नाही.

थेसलीच्या कुळाच्या दृष्टीने स्वातंत्र्य हे संकट ठरले. ऑटोमन वहिवाटीत कुळाची अवस्था वाईटच होती, पण पिढ्यान्‌पिढ्या कसत आलेल्या जमिनीवरून त्याला सहजी हुसकता येत नसे. सरपण, चराई, घर यांवर त्याचा काही हक्क रूढीने मानला जाई. ग्रीक न्यायालये रोमन कायद्याच्या धर्तीवर चालत. त्या कायद्यात मालक तो मालक आणि बाकीचे त्याच्या मर्जीवर. नवा ग्रीक मालक आला आणि त्याने वर्षाच्या कराराचा कागद पुढे केला. सही न करणाऱ्याला घर रिकामे करावे लागले, कारण घरही इस्टेटीचेच होते. बी आणि बैल कुळाचे असतील तर पिकाचा तिसरा हिस्सा मालकाला, बी मालकाचे असेल तर अर्धा. पुष्कळ जमीन तर मालक पिकवतच नसत. हिवाळ्यात डोंगरातून उतरणाऱ्या मेंढपाळांना ती चराईला देणे त्यांना जास्त परवडे. देशाला गहू बाहेरून आणावा लागत होता आणि देशातले सर्वांत सुपीक मैदान मेंढ्या चरत होत्या. वर आयात गव्हावर जकात बसवा, ही मागणीही याच मालकांची.

मारिनोस अंतिपास हा केफालोनियाचा माणूस. आपल्या एका नातलगाच्या इस्टेटीवर, तेंपी खिंडीजवळच्या पिर्गेतोस इथे, तो देखरेखीसाठी आला आणि कुळांना सांगू लागला की रविवारी काम करू नका, मुलांना शाळेत घाला, जमीन तुमची आहे. १९०७ च्या मार्चमध्ये एका कारभाऱ्याने त्याला गोळी घातली. तीन वर्षांनी, ६ मार्च १९१० रोजी, लारिसा शहरात कुळांची सभा होती. किलेलेर या छोट्या स्टेशनावर जमलेल्या शेतकऱ्यांनी तिकिटाविना गाडीत चढायचा प्रयत्न केला. थेसली रेल्वेचा संचालक त्याच गाडीत होता. त्याने नकार दिला, दगड पडले आणि गाडीतल्या सैनिकांनी गोळ्या झाडल्या. पुढच्या स्टेशनावर पुन्हा तेच. मेलेले ग्रीक, मारणारे ग्रीक, आणि ज्यांच्या इस्टेटींसाठी हे चालले होते ते बहुतेक मालकही ग्रीक. पकडलेल्या शेतकऱ्यांवर खटला चालला आणि काही महिन्यांत ते निर्दोष सुटले. यात दया होती की सरकारला आलेले शहाणपण, याचा निवाडा वाचकाने करावा. आज किलेलेरला दरवर्षी स्मरणसभा भरते आणि सर्व पक्षांचे पुढारी तिथे हार वाहतात.

मला यात खटकते ते हे की किलेलेरमुळे जमीन मिळाली, असे आता सांगितले जाते. तसे घडले नाही. १९१० च्या अखेरीस वेनिझेलोस सत्तेवर आला आणि १९११ च्या घटनादुरुस्तीने भूसंपादनाची अट थोडी सैल झाली. थेसलीत त्यानंतरही वर्षानुवर्षे कुळे कुळेच राहिली. १९१७ साली थेसालोनिकीत वेनिझेलोसचे हंगामी सरकार होते, देश दुभंगलेला होता, सैन्यात भरतीला माणसे हवी होती आणि रशियात काय चालले आहे ते सगळे पाहत होते. तेव्हा, मे महिन्यात, मोठ्या इस्टेटी ताब्यात घेऊन वाटण्याचे हुकूम निघाले. अलेक्झांद्रोस पापानास्तासियू यांच्यासारखे समाजवादी विचारांचे पुढारी मनापासून त्यामागे होते, हे खरे. पण कायदा झाला तरी अंमल रखडला. मालकांना भरपाई आधी द्यायची होती आणि तिजोरीत पैसा नव्हता.

ज्या घटनेने हे सारे क्षणात फिरवले, ती ग्रीसच्या इतिहासातली सर्वांत मोठी नामुष्की आहे. १९२२ च्या उन्हाळ्यात आशिया मायनरमध्ये ग्रीक सैन्याचा धुव्वा उडाला, स्मिर्ना जळाले आणि बारा-तेरा लाख निर्वासित पन्नास लाखांच्या देशावर येऊन आदळले. ३० जानेवारी १९२३ रोजी लोझानला करार झाला. उरलेल्या ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनांनी तुर्कस्तान सोडायचे, साडेतीन लाखांहून अधिक मुस्लिमांनी ग्रीस सोडायचा. निकष धर्माचा. हालियाक्मोन नदीच्या खोऱ्यात ग्रीक बोलणारे मुस्लिम शेतकरी होते, ज्यांना तुर्की येतही नव्हते. त्यांनाही गाठोडी बांधावी लागली. त्यांच्या जमिनी निर्वासितांच्या वाटणीत गेल्या.

त्याच फेब्रुवारीत, करारावरची शाई वाळते न वाळते तोच, प्लास्तिरासच्या लष्करी सरकारने हुकूम काढला की निर्वासितांसाठी आणि भूमिहीनांसाठी इस्टेटी आधी भरपाई न देता ताब्यात घेता येतील. जे १९१० साली अशक्य होते, १९१७ साली कागदावर होते, ते १९२३ साली काही महिन्यांत सुरू झाले. मालकांना सरकारी रोखे मिळाले आणि घसरत्या चलनात त्यांची किंमत पाण्यासारखी ओसरली. थेसलीच्या कुळाला अखेर जमीन मिळाली, ती अशी दुसऱ्यांच्या संकटाच्या पाठीवर बसून. इतिहासकारांच्या अंदाजाने युद्धांमधल्या त्या दोन दशकांत देशातल्या कसत्या जमिनीच्या सुमारे ४० टक्के जमिनीचे मालक बदलले.

निर्वासितांना वसवण्याचे काम राष्ट्रसंघाच्या देखरेखीखालच्या निर्वासित वसाहत आयोगाने केले. हेन्री मॉर्गेन्थाउ हे अमेरिकन गृहस्थ त्याचे पहिले अध्यक्ष होते. १९२४ साली लंडन, न्यूयॉर्क आणि अथेन्समध्ये कर्ज उभारले गेले. मॅसिडोनिया आणि थ्रेसमध्ये नव्या गावांची रांग उभी राहिली: सरळ रस्ते, सारखी घरे, प्रत्येकाला बैल, नांगर, बियाणे. कुटुंबाला मिळालेली जमीन साधारण तीस-चाळीस स्ट्रेमा, म्हणजे आठ-दहा एकर, कित्येक ठिकाणी त्याहूनही कमी. जमीन पुरेना म्हणून पाणथळ भाग कोरडे करायचे ठरले. यानित्साचे तळे न्यूयॉर्कच्या एका कंपनीने उपसले. अक्सिओस आणि स्त्रिमोन नद्यांचे काठ बांधले. तोवर हिवतापाने तिथली माणसे इतकी मरत होती की क्विनाइन हा त्या वसाहतींचा नांगराइतकाच महत्त्वाचा सरंजाम होता.

सरकारचा हेतू फक्त माणसे जगवण्याचा नव्हता. १९१२-१३ च्या युद्धांत जिंकलेल्या मॅसिडोनियात ग्रीकांची संख्या राष्ट्रसंघाच्या आकडेवारीप्रमाणे १९१२ साली ४३ टक्क्यांच्या आसपास होती. १९२६ साली ती ८९ टक्क्यांपर्यंत गेली. सीमेलगत शेतकरी बसवणे म्हणजे सीमा पक्की करणे, हे अथेन्सला नीट कळत होते. वाटलेल्या प्रत्येक तुकड्यामागे एक नकाशा होता.

शिवाय हे सारे मोफत नव्हते. जमीन, घर, बैल, सगळ्याची किंमत निर्वासिताच्या खात्यावर लिहिली गेली. त्याला आशा होती की तुर्कस्तानात सोडून आलेल्या मालमत्तेच्या भरपाईतून हे फिटेल. १९३० साली वेनिझेलोसने अंकाराला जाऊन मैत्रीचा करार केला आणि दोन्ही देशांनी ते दावे एकमेकांत मिटवून टाकले. परराष्ट्रनीती म्हणून तो करार शहाणपणाचा होता. निर्वासिताला मात्र कळले की मागचे घर गेले आणि पुढचे घर कर्जात आहे. तोवर डोळे मिटून वेनिझेलोसला मत देणाऱ्या या वस्त्यांचा विश्वास तिथून ढळला. त्याच सुमारास तंबाखूचे भाव पडले, जे मॅसिडोनियाचे रोख पीक होते, आणि १९३२ साली ग्रीसने पुन्हा परदेशी कर्जाचे हप्ते थांबवले.

१९२९ साली कृषी बँक स्थापन झाली होती. खेड्यातल्या सावकाराला आणि आडत्याला तिने बाजूला सारले, ही मोठीच गोष्ट. पण ती शेतकऱ्याची एकमेव धनको बनली आणि ती बँक सरकारची होती. जुना चिफ्लिकवाला खळ्यावर येऊन हिस्सा मागत असे. आता तालुक्याच्या शाखेत पक्षाचा माणूस ओळखीचा असावा लागे. सोलोनने केलेली कर्जमुक्ती आधुनिक ग्रीसमध्ये ठळकपणे दोनदा दिसते आणि दोन्ही वेळा ती हुकूमशहांच्या हातून. १९३० च्या दशकात मेताक्सासने शेतकऱ्यांच्या कर्जांना तहकुबी आणि सूट दिली. १९६८ साली कर्नल पापादोपुलोसच्या राजवटीने कृषी बँकेची कर्जे माफ केली, आपल्या घटनेवर सार्वमत घेण्याच्या वर्षी. जे सरकार मत मागायला बिचकते, ते कर्ज माफ करायला पुढे असते. लोकशाही सरकारांनी मग भाव आणि अनुदाने यांची भाषा वापरली.

इथे माझ्या मांडणीवर रास्त आक्षेप येतो. अर्थतज्ज्ञ म्हणतात, हेतू काहीही असो, वाटणीच चुकली. वारसाहक्कात सगळ्या मुलांना सारखा हिस्सा, मुलींच्या हुंड्यातही जमीन (हुंड्याची कायदेशीर सक्ती १९८३ साली गेली), त्यामुळे तुकड्यांचे तुकडे झाले. आज ग्रीसमधले सरासरी शेत युरोपीय संघाच्या सरासरीच्या निम्म्याहूनही बरेच लहान आहे. हे खरे आहे. पण या हिशेबात एक रकाना राहतो. स्पेनने १९३२ साली जमीनसुधारणेचा कायदा केला, तो रखडला, आणि १९३६ च्या यादवीत आंदालुसिया आणि एस्त्रेमादुरातल्या भूमिहीनांचा राग हा मोठा भाग होता. ग्रीसनेही १९४६ ते १९४९ भीषण यादवी पाहिली. तिच्या मुळाशी जर्मन ताबा, १९४१-४२ ची उपासमार, पक्षांचे वैर आणि परकीय सत्ता होत्या. चिफ्लिक नव्हते, कारण ते उरलेच नव्हते. लहान शेत अडाणी असेल, पण त्याने एका देशाला दुसऱ्या एका यादवीपासून वाचवले, हे माझ्या लेखी थोडे नाही. फक्त त्याचे श्रेय देताना १९२३ साली गाठोडे बांधून गेलेले लोक विसरू नयेत.

महायुद्धानंतरची कहाणी थोडक्यात सांगता येते. मार्शल योजनेच्या काळात वॉल्टर पॅकार्ड नावाच्या कॅलिफोर्नियाच्या अभियंत्याने स्पेर्खियोस नदीच्या मुखाजवळच्या खारपड जमिनीत भात पिकवून दाखवला. अँथिली गावाने त्याच्या हयातीतच त्याचा पुतळा उभारला. सरकारी अधिकाऱ्याचा शेतकऱ्यांनी स्वखुशीने उभारलेला पुतळा जगात फार ठिकाणी नसावा. जर्मनीशी झालेल्या १९६० च्या करारानंतर तरुण तिथल्या कारखान्यांत गेले. १९८१ साली ग्रीस युरोपीय समुदायात आला, अनुदानाचा पैसा वाहू लागला आणि थेसलीचे मैदान गव्हाकडून कापसाकडे वळले. युरोपीय संघातला बहुतेक सारा कापूस आज ग्रीसचा आहे. त्यासाठी विंधन विहिरी खोल खोल गेल्या. किलेलेरजवळचे कार्ला तळे १९६२ साली बोगदा खणून समुद्रात रिते केले होते, मासेमारांना उठवून, नवी शेतजमीन मिळावी म्हणून. पुढे भूजल आटले, माती खारावली आणि त्याच तळ्याचा काही भाग युरोपीय पैशाने परत भरावा लागला. सप्टेंबर २०२३ मध्ये डॅनियल वादळाने थेसली बुडवली तेव्हा पाण्याने सरकारी आराखडा पाहिला नाही. जुन्या तळ्याची जागा त्याने परत घेतली आणि कापूस त्याखाली गेला.

कृषी बँक २०१२ च्या आर्थिक संकटात मोडीत निघाली आणि तिची चांगली खाती एका खासगी बँकेकडे गेली. अनुदान वाटणाऱ्या ओपेकेपे या सरकारी संस्थेतला घोटाळा २०२५ साली उघड्यावर आला. लोकांनी जी आपली नव्हती अशी चराऊ राने आपली दाखवून पैसा उचलला होता. मंत्र्यांना पदे सोडावी लागली. हे होऊ शकले, कारण दोनशे वर्षे जमीन वाटणाऱ्या या राज्याने जमिनीची देशव्यापी नोंदवही करायला घेतली ती १९९५ साली, आणि ती रखडतच राहिली. माझ्या मते ही ढिलाई निव्वळ आळसातून आलेली नाही. नोंद अस्पष्ट असली की मालकी राजकारण्याच्या शब्दावर टिकते.

आणि शेतात राबते कोण? १९९१ नंतर अल्बेनियाहून आलेले लोक, आता पाकिस्तान, बांगलादेश आणि पंजाबमधले. एलिस जिल्ह्यातले मनोलादा हे स्ट्रॉबेरीचे गाव, त्याच पेलोपोनेसमध्ये जिथे १८७१ ची वाटणी झाली. तिथे सात तासांना २२ युरो असा बोली दर ठरला होता. बांगलादेशी मजूर पुठ्ठा, नायलॉन आणि बांबूंच्या खोपटांत राहत, संडास नाही, नळ नाही. सहा महिने पगार मिळाला नाही म्हणून १७ एप्रिल २०१३ रोजी ते मागायला गेले आणि मुकादमाने बंदूक चालवली. तीसच्या आसपास माणसे जखमी झाली. किलेलेरच्या गोळीबाराला तेव्हा शंभर वर्षे होऊन गेली होती. जिथल्या लोकांच्या पूर्वजांनी सरकारची कुळे म्हणून पिकाचा चौथा हिस्सा खळ्यावर मोजून दिला, त्या मुलखात आता मालकी आहे, पण राबणारा वेगळा आहे आणि त्याच्या नावावर काहीच नाही. त्याच्यासाठी जमीनसुधारणा मागणारा पक्ष नाही, कारण त्याला मत नाही. सरकारपुढे अडचणही नाही, कारण तो सीमेवर वसवण्याच्या कामाचा नाही. हा शेवटचा निकष मला सर्वांत जड वाटतो: ज्याच्याकडून राज्याला काही नको आहे, त्याला राज्याने आजवर जमीन दिलेली नाही.

मनोलादाच्या खटल्यात पात्रासच्या न्यायालयाने २०१४ साली मानवी तस्करीच्या आरोपातून सर्व आरोपींना मुक्त केले. त्या मजुरांपैकी ४२ जण स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवाधिकार न्यायालयात गेले. ३० मार्च २०१७ रोजी त्या न्यायालयाने निकाल दिला की हे सक्तीचे श्रम होते आणि ग्रीक राज्य त्यांना संरक्षण देण्यात कमी पडले.